वजा साठ

आमच्या गल्लीत कुकरच्या शिट्ट्यांना वेळापत्रक आहे. सकाळी साडेनऊच्या आत ज्याची डाळ शिजली त्याची शिजली. नंतर थेट साडेबारा. मधल्या वेळात कुणी कुकर चढवलाच, तर दुसऱ्या शिट्टीला गुरुजींच्या दाराची कडी वाजते. गुरुजी बनियनवर बाहेर येतात, गळ्यात हेडफोन, कपाळावर चष्मा, आणि शिट्टी आली त्या दिशेनं नुसतं बघतात. बोलत काही नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीसेक वर्षं ज्या नजरेनं मागच्या रांगेतली कुजबुज थांबवली, ती नजर निवृत्तीच्या वेळी खात्याकडं जमा करावी लागत नाही. गॅस बंद होतो. डाळ अर्धीकच्ची राहते. साहित्याची सेवा होते.

गुरुजी घरात बसून पुस्तकं वाचतात. मोठ्यानं, मायक्रोफोनसमोर. मग ते वाचलेलं काटछाट करून, घासूनपुसून, कमीजास्त करून लोकांना ऐकायला देतात. अशी माणसं आता गावोगाव झाली आहेत. २०१७च्या नोव्हेंबरात स्टोरीटेल भारतात आलं आणि मराठी पुस्तकं कानानं वाचायची सवय लागली. पुढं टाळेबंदीत घरोघरी रिकामा वेळ आणि रिकामी खोली एकाच वेळी सापडली. तेव्हापासून कुणी हरिपाठ रेकॉर्ड करतो, कुणी शेतीचे सल्ले, कुणी स्वतःच्या कविता. या शेवटच्यांपासून तुळजाभवानीनं सगळ्यांना वाचवावं. पण प्रत्येकाच्या घरात डोकावलात तर दृश्य एकच दिसेल: एक गृहस्थ दार लावून आत बसलाय आणि बाहेर सगळं घर चवड्यावर चालतंय.

आमच्या गुरुजींचं हे सुरू झालं ते मुलामुळं. पोरगा पुण्याला हिंजवडीत. वडील निवृत्त झाले, आता आईच्या स्वयंपाकात लक्ष घालतील या भीतीनं त्यानं दिवाळीला मायक्रोफोन पाठवला. कंडेन्सर जातीचा. ही जात कानाची फार तिखट. पहिल्या दिवशी त्यानं जे टिपलं त्यात गुरुजी सोडून सगळे होते: शेजारची पाण्याची मोटर, कोपऱ्यावर वळणाऱ्या एसटीचा ब्रेक, भिंतीवरचं घड्याळ, काकूंच्या बांगड्या, आणि लांब कुठंतरी कुणीतरी नाक शिंकरलेलं. गुरुजींनी ते दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "एवढा गोंधळ हाय व्हय आपल्यात?" माणूस या गल्लीत जन्मला, वाढला, आजोबा झाला, आणि गल्ली त्याला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली.

मग मोहीम निघाली. घड्याळ परसात गेलं. फ्रिज बंद करायचा ठरला, पण बंद केलेला फ्रिज परत चालू करायचा विसरतो आणि दूध नासतं. त्यावर कुठल्याशा व्हिडिओत तोडगा सापडला: फ्रिज बंद केला की घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. बाहेर निघताना किल्ली शोधली की फ्रिज आठवतो. तोडगा नामी आहे. एवढंच की काकू देवळातून आल्या आणि दार उघडेना, तेव्हा त्यांनी शेजारणीला सांगितलं, "किल्ली फ्रीजमदी हाय, आन् फ्रीज आत हाय." शेजारीण अजून ते वाक्य सुटं करायचा प्रयत्न करतेय.

अंड्यांच्या ट्रेचं प्रकरण तर गल्लीच्या इतिहासात गेलंय. भिंतींना अंड्याचे ट्रे ठोकले की आवाज घुमत नाही, असं कुणीतरी गुरुजींना सांगितलं. हे सांगणारा माणूस प्रत्येक गावात असतो. गुरुजी स्टँडजवळच्या आम्लेटच्या गाड्यांवरून चांगले पिशवीभर ट्रे घेऊन आले. घरात गुरुजींच्या आई. गळ्यात तुळशीची माळ, आषाढी कधी चुकवली नाही. आजींनी पिशवीत डोकावून विचारलं, "हे काय आणलंस रं?" गुरुजी म्हणाले, "विज्ञान." आजी त्याच पावली लेकीकडं निघाल्या. आणि एवढं होऊन ट्रे काही कामाचेच निघाले नाहीत. पातळ पुठ्ठा तो. वरचे चिरके सूर थोडे अडवील, पण माणसाच्या छातीतून येणाऱ्या आवाजाला त्याचं काही वाटत नाही, आणि बाहेरच्या मोटारीला तर तो दिसतही नाही. ट्रे शाळेतल्या पोरांना हस्तकलेला गेले. आजी परत आल्या, पण अजूनही त्या खोलीत जाताना आधी उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडतात.

खरा स्टुडिओ सापडला तो कोठीच्या खोलीत. चारी बाजूंनी जोंधळ्याची पोती, वरून काकूंच्या सासूनं आणि आजेसासूनं जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या वाकळी. आवाज मऊ, जाड गोष्टीत जिरतो, हे तत्त्व. आणि मराठवाड्यातल्या घरात मऊ, जाड गोष्टींना तोटा नाही. गुरुजींनी तिथं बसून पहिलं वाक्य उच्चारलं आणि त्यांचा आवाज इतका कोरडा, इतका जवळून आला की स्वतःच दचकले. पुण्यामुंबईकडं लोक याच गुणाचे फेसाचे तक्ते हजारो रुपयांना घेतात. इथं ते पीक म्हणून रानातून येतं. अडचण एवढीच की पीक खाल्लंही जातं. सुगी संपून पोती थप्पीला लागतात तेव्हा गुरुजींचा आवाज भरदार येतो. मग भाकरीला जसजसा जोंधळा निघतो तसतसा घुमायला लागतो. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये वेगळे वाजतात, त्यामागं कुठलाही साहित्यिक हेतू शोधू नये. पोती संपली होती.

मे महिन्यात त्या खोलीत बसणं हे तप आहे. बाहेर बेचाळीस अंश, आत वाकळी, दार बंद, पंखा बंद कारण पंखा ऐकू येतो. टेरिकॉटचा शर्ट सळसळतो म्हणून अंगात बनियन. खुर्ची कुरकुरते म्हणून बूड पोत्यावर. मायक्रोफोनपुढं कशिद्याच्या रिंगणात ताणलेली काकूंची जुनी ओढणी, कारण प, फ आणि भ म्हणताना तोंडातून जो वारा सुटतो तो सरळ मायक्रोफोनवर आदळला तर ऐकणाऱ्याच्या कानात धप्पकन काहीतरी पडतं. ओढणी योग्य अंतरावर आहे का, हे तपासायला गुरुजींनी स्वतः एक वाक्य बांधलंय: "भाऊ फार भांडखोर, पण फणस फोडतो भारी." रोज सकाळी बंद दाराआडून हे ऐकू येतं. गुरुजींचे थोरले भाऊ दोन घरं सोडून राहतात. त्यांनी फणस जन्मात फोडलेला नाही. दोघांत आता बोलणं कमी आहे.

पोटाचंही एक शास्त्र आहे. रिकाम्या पोटी बसावं तर पोट बोलतं, आणि कंडेन्सरला पोट आणि तोंड यांत फरक कळत नाही. भरल्या पोटी बसावं तर ढेकर येतो आणि झोपही. दूध-दही घेतलं की घशात चिकटा येतो आणि जीभ टाळूवरून सुटताना चटचट वाजते. परदेशातले वाचक यावर आंबट हिरवं सफरचंद खातात म्हणे. ते धाराशिवच्या बाजारात मिळेल तेव्हा मिळेल. गुरुजी कैरीची फोड चघळतात आणि कैरी संपली की आवळा. या शहराच्या गुलाबजामांचं नाव लांबलांबपर्यंत आहे, पण गुरुजींनी रेकॉर्डिंगच्या दिवशी गुलाबजाम सोडलाय. संन्यास म्हणतात तो यालाच.

आता वाचायचं काय? इथं गुरुजींचा आणखी एक पैलू दिसतो. त्यांना कायदा मोडायचा नाही. लेखक गेल्यावर पुढचं वर्ष लागलं की तिथून साठ वर्षं त्याच्या पुस्तकावर हक्क राहतो, मग पुस्तक सगळ्यांचं होतं. त्यामुळं गुरुजींच्या लेखी मराठी साहित्याचे कालखंड दोनच: मोकळे झालेले आणि व्हायचे असलेले. हरिभाऊ १९१९ साली गेले, केव्हाच मोकळे. लक्ष्मीबाई टिळक १९३६, मोकळ्या. साने गुरुजी १९५० साली गेले, २०११पासून मोकळे. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्यासाठी २०३०चा १ जानेवारी गुरुजींनी मनात लाल शाईनं खुणावून ठेवलाय आणि 'फकिरा'ची उजळणी आत्तापासून चालू आहे. खांडेकरांना २०३७ उजाडेल. पुलंना २०६१. "तेवढं काय आपल्यानं व्हायचं न्हाई," असं गुरुजी म्हणतात, पण सुरात अजून थोडी आशा असते.

या हिशेबापायी माणूस विचित्र बोलतो. २०२०च्या जानेवारीत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या अध्यक्षतेखाली आमच्या गावात त्र्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं. सगळं गाव लेखक बघायला लोटलं होतं. गुरुजी पुस्तकांच्या गाळ्यांमधून हिंडत होते आणि एकेक पुस्तक उचलून विचारत होते, "हे कधी गेले?" एका गाळ्यावर उत्तर आलं, "मीच आहे तो." गुरुजींनी त्यांच्याकडं आपादमस्तक बघितलं, मनात बेरीज केली आणि पुस्तक खाली ठेवलं.

आवाजाचंही ऐका. गुरुजी एरवी आमच्यासारखंच बोलतात. काय करायलास, कुठं जायलास, जेवलास का. पण लाल दिवा लागला की त्यांच्या घशात दुसराच माणूस उतरतो. "नमस्कार, श्रोतेहो" म्हणणारा, प्रत्येक ण आणि ळ इस्त्री करून ठेवणारा हा माणूस लहानपणी व्हॉल्व्हच्या रेडिओवर ऐकलेल्या बातम्यांमधून आलाय. तारुण्यात त्यांनी एका केंद्रावर निवेदकाची चाचणीही दिली होती. निवड झाली नाही, विषय तिथंच संपला. पहिल्यांदा हा आवाज कोठीतून आला तेव्हा आजींनी काकूंना विचारलं, "ह्यो कोण पुण्याचा पाहुणा बोलायलाय आपल्या घरात? त्येला पाणी तरी दे." माझं मत विचाराल तर पाहुण्यापेक्षा घरचा माणूस जास्त चांगलं वाचतो. काकूंना आदल्या दिवशीचा भाग तोंडी सांगताना गुरुजी जे बोलतात, ते रेकॉर्ड व्हायला हवं. पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते माझे गुरुजी आहेत, आणि त्यांनी मला बोलीभाषेत निबंध लिहिला म्हणून उभं केलेलं आहे.

काकूंचा यात वाटा मोठा आहे आणि तो कुठल्याही फायलीवर नोंदलेला नाही. हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी काकूंनी भिंतीपलीकडून अख्खी ऐकली, आणि प्रत्येक वाक्य तीन-चारदा, कारण गुरुजी चुकले की टाळी वाजवतात आणि वाक्य परत घेतात. टाळीमुळं संगणकावरच्या रेघेत उंच काटा उभा राहतो, म्हणजे नंतर चूक कुठं झाली ते नजरेनंच सापडतं. (नव्यानं राहायला आलेल्या भाडेकरूंना वाटायचं, या घरात फार डास आहेत.) शेंगा फोडता फोडता काकूंना यमूच्या संसारातला मीठमसाला पाठ झाला. गुरुजी एखादी ओळ गाळून पुढं गेले तर आतून आवाज यायचा, "मधलं ऱ्हायलं की." पुढं यमूच्या नवऱ्याच्या, रघुनाथरावांच्या मृत्यूचं प्रकरण जवळ आलं, तेव्हा दिवाळी तोंडावर होती. काकूंनी कोठीच्या दारात उभं राहून सांगितलं, "सणासुदीचं मारू नका त्यांना." आणि ज्या माणसानं गल्लीतल्या कुकरांना ऐकलं नाही, त्यानं ते ऐकलं. रघुनाथराव तुळशीच्या लग्नापर्यंत जगले.

टाळीवरून आठवलं. नव्या कुठल्याही घरात शिरलं की गुरुजी आधी टाळी वाजवतात आणि कान देऊन उभे राहतात. खोली किती घुमते, हे बघायला. इथून जवळच तेर आहे, तिथल्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी कच्ची की पक्की ते तपासलं. गुरुजी टाळी घेऊन खोल्या तपासतात. तेरच्या त्रिविक्रमाच्या देवळात त्यांनी टाळी वाजवली तेव्हा पुजाऱ्याला वाटलं, भक्त आहे. धाराशिवच्या लेण्यांत वाजवली तेव्हा पाखरं उडाली. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो, तिथं बैठकीत टाळी वाजवून ते गंभीरपणे म्हणाले, "लई घुमतंय." मुलीच्या वडिलांनी त्याचा अर्थ काय घेतला कोण जाणे. स्थळ जुळलं नाही. पुतण्या अजून गुरुजींकडं बघून टाळी वाजवतो, पण त्यामागची भावना वेगळी.

सगळ्यात मोठा विषय म्हणजे वजा साठ. अमेझॉनच्या एसीएक्स या ऑडिओबुकांच्या बाजारात एक नियम आहे: बोलण्याची सरासरी पातळी वजा तेवीस ते वजा अठरा डेसिबलच्या मध्ये हवी, सगळ्यात उंच टोक वजा तीनच्या वर जाता कामा नये, आणि कुणी बोलत नसताना खोलीतला गोंगाट वजा साठच्या खाली हवा. गुरुजींचा त्या बाजाराशी काडीचा संबंध नाही. तिथं त्यांना कुणी बोलावलेलं नाही, ओळखतही नाही. पण नियम म्हटला की गुरुजींना तो पाळावासा वाटतो. वजा साठ म्हणजे मशीनला पेलवणाऱ्या सगळ्यात मोठ्या आवाजाचा हजारावा भाग. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग, दोन मास्तर आणि गळका पत्रा अशा अवस्थेत ज्यानं उभी नोकरी "शांत बसा" म्हणण्यात काढली, त्याला निवृत्तीनंतर कळलं की शांततेचं माप असतं आणि ते आकड्यात मिळतं. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान पसरलं ते पेन्शन मंजूर झाल्यावरही नव्हतं. आता ते बोलताना सर्रास आकडे घालतात. किराणा दुकानात कुणी विचारलं, "काय म्हणतंय गुर्जी?" तर उत्तर येतं, "वजा अठ्ठावन. दोन ऱ्हायले." दुकानदार आदरानं मान हलवतो. त्याला वाटतं, साखर.

हे दोन काही केल्या उतरत नव्हते. खालच्या पट्टीत बारीक गुंजन येत होतं, ते विजेचं. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नासदा हेलकावते, तिचा तो सूर. मग शोध लागला की लाईट गेली की तो सूरही जातो. तेव्हापासून गुरुजी लोडशेडिंगची वाट बघणारे जिल्ह्यातले एकमेव नागरिक आहेत. लाईट गेली रे गेली की मोटरी थांबतात, टीव्ही थांबतात, पंखे थांबतात, गल्ली एकदम निपचित होते. बाकीचे लोक विजेच्या नावानं बोटं मोडत मेणबत्ती शोधतात आणि गुरुजी लॅपटॉप छातीशी धरून कोठीकडं पळतात. बॅटरी संपेपर्यंतचा वेळ त्यांचा. अर्ध्या तासात लाईट आली की गल्लीभर "आली, आली" असा जल्लोष होतो आणि त्यात एकच टाळी चिडलेली असते.

पावसाचंही तसंच. आमचा जिल्हा दुष्काळी. इथं पाऊस नको म्हणणं पाप, आणि कोठीवर पत्रा. मृगात ढग आले की सगळी गल्ली वर बघते, गुरुजीही बघतात, हात जोडतात, आणि ओठातल्या ओठात वेळ सांगतात: "रात्री येऊ दे बाबा, धा नंतर." नवरात्रात मात्र ते मशीन गुंडाळूनच ठेवतात. तुळजापूर इथून वीस-पंचवीस किलोमीटर. कोजागिरीपर्यंत रस्त्यानं पायी जाणाऱ्यांची रीघ, संबळ, हलगी, उदो उदो. तिथं वजा साठचं काय सांगणार? गुरुजी स्वतःच चप्पल काढून त्यांच्यात सामील होतात.

सगळे आवाज त्यांच्या मते दोन प्रकारचे: 'सतत' आणि 'अवचित'. पंखा, इन्व्हर्टर, लांबची मोटर हे सतत. यांचा नमुना मशीनला एकदा ऐकवला की ते बोलण्यातून तेवढंच वेगळं काढतं. शिट्टी, शिंक, बांगडी हे अवचित. ते साफ होत नाहीत, वाक्य परत घ्यावं लागतं. हे वर्गीकरण हळूहळू माणसांनाही लागू झालं. व्याही सतत आहेत, त्यांचं चालतं. मेहुणे अवचित.

सततचा हा नमुना त्यांनी एकदा आईवर लावला. आजींना जात्यावरच्या ओव्या खूप येतात. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या, हे गुरुजींनी वाचलं आणि घरातला ठेवा घरातच राहून जाईल या विचारानं अस्वस्थ झाले. आजी म्हणाल्या, जातं असंल तर गाईन, नुसतं तोंडानं येत न्हाई. जातं आलं. आजी तासभर गायल्या. घरघर सतत होती, म्हणून गुरुजींनी ती रात्री बसून काढून टाकली, आणि सकाळी ऐकलं तर आजी विहिरीच्या तळातून गात होत्या. मशीननं जातं काढताना आवाजाचा पदरही ओढून नेला होता. गुरुजींनी ती फाईल पुसली आणि जात्यासकटची ठेवली. तिला त्यांनी परत हात लावलेला नाही, आणि तिच्या बाबतीत कुणी वजा साठ विचारलेलं त्यांना आवडत नाही.

गावकीची कामंही येतात. सप्त्याची रिक्षा फिरवायची असो, वर्गणीचं आवाहन असो, गुरुजींचा आवाज लागतो. रिक्षावरचा भोंगा मुळातच फाटका, त्यातून ज्ञानेश्वर माउली बोलले तरी भंगारवाला वाटेल. पण गुरुजी त्या आवाहनालाही सगळे संस्कार करतात. शेजारच्या घरची शेळी हरवली तेव्हाची गोष्ट. उस्मानाबादी जात, काळीभोर, जुळी देणारी. घरच्यांचा जीव टांगणीला. रिक्षा दारात उभी, शेळीचा मालक उंबऱ्यात, आणि गुरुजी आत "काळ्या रंगाची" म्हणताना 'ळ' मनासारखा येत नाही म्हणून टाळ्या वाजवतायत. ऊन कलायला आलं. शेवटी एक घेतलेलं त्यांना पसंत पडलं आणि ते अखेरचं वाक्य बोलत असतानाच खिडकीखाली कुणीतरी "बेंऽऽ" केलं. शेळी आपल्या पायांनी परत आली होती. मालकाला अत्यानंद. गुरुजी बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालून: "अवचित."

एवढ्या खटाटोपाचं ऐकणारे कोण? मोजके आहेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक अंध विद्यार्थी. तो गुरुजींना चुका कळवतो, आणि त्या एकट्याचं गुरुजी निमूट ऐकतात. एक एसटीचे निवृत्त चालक, त्यांना रात्री झोप येत नाही. आणि पुण्याची मेहुणी. मेहुणीनं परवा फोनवर कौतुकानं सांगितलं की भावजी, तुमचं सगळं ऐकून झालं, मी दीडपट वेगानं लावते, पोळ्या होईपर्यंत दोन प्रकरणं होतात. गुरुजींनी फोन काकूंच्या हातात दिला. दोन वाक्यांमधला विराम किती ठेवावा यावर त्यांनी एक अख्खा उन्हाळा घालवला होता. त्याआधीच्या पुस्तकात तर त्यांनी प्रत्येक श्वास वेचून काढून टाकला होता. ते ऐकताना त्या चालकांना दम लागायला लागला आणि डॉक्टरांकडं जायची वेळ आली, तेव्हा श्वास परत घातले.

परवा मुलाच्या मुंजीची पत्रिका द्यायला मी त्यांच्याकडं गेलो. लाईट गेलेली होती, त्यामुळं गुरुजी खुशीत होते. म्हणाले, "बरा आलास. बस पोत्यावर. हलू नको. रूम टोन घेतो." प्रत्येक बैठकीच्या आधी रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज घेऊन ठेवायचा असतो, पुढं वाक्यं जोडताना मधल्या फटींत तो भरतात, नाहीतर ऐकणाऱ्याला मध्येच कान गेल्याचा भास होतो. गुरुजींच्या लॅपटॉपमध्ये अशा शांततांचं एक स्वतंत्र कपाट आहे. 'शांतता दिवाळी', 'शांतता सासरवाडी', 'शांतता पोती भरलेली', 'शांतता पोती रिकामी'. पाहुण्यांना ते त्यातल्या निवडक ऐकवतात आणि "कशी वाटली?" म्हणून विचारतात.

मी पत्रिका मांडीवर धरून बसलो. अर्धा मिनिट फार मोठा असतो. एकदा नाकाला खाज सुटली, ती मी तशीच जाऊ दिली. झाल्यावर गुरुजींनी आकडा बघितला आणि त्यांचे डोळे चमकले. "वजा एकसष्ट," ते म्हणाले. मग हेडफोन माझ्या कानावर चढवून आवाजाची मूठ उजवीकडं सारत नेली, आणखी सारली, म्हणजे शांततेच्या तळाशी काय आहे ते मला दिसावं. सुरुवातीला नुसतं सूं होतं. मग त्या सूंच्या पार मागून, दोन भिंती आणि चार वाकळींपलीकडून, काकूंचा दबका आवाज आला. त्या आजींना विचारत होत्या, "त्ये पोरगं आजून बसलंयच का गेलं? चा टाकू का नगं?"

मी हेडफोन उतरवले. गुरुजींनी ते स्वतःच्या कानाला लावले, ऐकलं, आणि मान हलवली.

"अवचित," ते म्हणाले. "हे साफ होत न्हाई. परत घ्यावं लागतंय. बस."

त्यांनी लाल बटण दाबलं. मी श्वास धरला. आतून काकूंचा आवाज आला, आता मुळीच दबका नाही: "आवो, चा टाकू का नगं, त्ये तरी सांगा एकदाचं!"